नाल्याकडचा वाटा

दसरा जवळ आला, कपाशीची पहिली बोंडं फुटली, की मला थकवा येतो. इतरांना या दिवसांत म्हणे हुरूप येतो. पाऊस सरलेला असतो, सकाळी अंगणात जरा गारवा असतो, दुपारी पुन्हा ऊन चटके देतं. मला मात्र अंगावर ओलं पोतं टाकल्यासारखं जड होतं. डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं, काही निघालं नाही. निघणार नव्हतंच. परवा भाजी घेऊन येताना रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले दिसले. जिनिंगकडे जाणारी एखादी भरगच्च गाडी घासून गेली असणार. मी पिशवी खाली ठेवली आणि थोडा वेळ नुसती उभी राहिले. आला म्हटलं आपला महिना.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. यवतमाळातल्या आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. जमीन कुणाच्याच नावावर नव्हती, माती म्हणजे तुळशीच्या कुंडीत असते तेवढी. अशा घरातल्या मुलीला एका संशोधन प्रकल्पात मातीतले जीव मोजायचं काम लागलं, तेही कंत्राटी, दर मार्चला नव्यानं सही करायचं. आई शेजारणींना सांगायची, 'ती मातीत आहे.' शेजारणी गोंधळायच्या, मग आई म्हणायची, 'म्हणजे सरकारी मातीत.'

ती कापसाच्या पडझडीची वर्षं होती. जिल्ह्यात जो तो काही ना काही मोजायला येत होता. जीपगाड्या यायच्या, माणसं उतरायची, फॉर्म भरून घ्यायची, ओट्यावर बसवून फोटो काढायची आणि अंधार पडायच्या आत परत फिरायची. खेड्यांतल्या बायका अनोळखी माणूस दिसला की आधीच विचारायच्या, 'तुमी काय मोजता?' मीही वणीकडे जाणाऱ्या एस.टी.तून, करंजीच्या थांब्यावर चहा पिऊन, मारेगावच्या अलीकडे उतरायचे आणि त्याच प्रश्नाला उत्तर द्यायचे. आम्ही माती मोजतो. तिच्यात जीव किती उरलाय ते.

मुळात प्रश्न साधा होता. सरकीला बारीक लव चिकटलेली असते. पेरणीचं बियाणं तयार करताना ती लव तेजाबानं, म्हणजे गंधकाच्या आम्लानं काढतात आणि मग बी धुतात. एका नाल्याच्या काठी असा एक लहानसा कारखाना होता. तो उन्हाळ्यात चाले. धुण्याचं पाणी मागच्या खड्ड्यात सोडत आणि पावसाळ्यात खड्डा भरला की ते पाणी खालच्या शेतात उतरे. चार वर्षं असं चाललेलं. खालच्या शेतात कपाशी वीतभर वाढून पिवळी पडायची आणि जागोजाग जमिनीवर पांढुरकी खपली धरायची. ते शेत जमनाबाईच्या घरचं होतं.

जमनाबाई बंजारा. तिच्या सासूनं आरशांचा घागरा शेवटपर्यंत सोडला नाही, जमनाबाई मात्र नायलॉनच्या साडीत असायची, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट. वय असेल पंचेचाळीसच्या आसपास. नवऱ्याशी तांड्याच्या बोलीत बोलायची, माझ्याशी वऱ्हाडीत. पहिल्या दोन फेऱ्यांना मी 'मॅडम' होते. तिसऱ्या फेरीला एस.टी. चुकली आणि मी तिच्या ओट्यावर भाकरी खाल्ली, तेव्हापासून 'बाई' झाले आणि 'तू' झाले.

मातीतले जीव डोळ्यांनी दिसत नाहीत. ते आहेत हे त्यांच्या कामावरून ओळखायचं. आमच्याकडे त्याच्या दोन रीती होत्या. एक बरणीची. ओलसर केलेली माती बरणीत घालायची, वर एका छोट्या कुपीत कॉस्टिक सोड्याचं पाणी ठेवायचं आणि झाकण घट्ट लावायचं. मातीतले जीव आपल्यासारखाच श्वास सोडतात, तो वायू सोड्यात अडकतो. आठवड्यानं कुपी काढायची, गुलाबी रंगाचे दोन थेंब टाकायचे आणि रंग जाईपर्यंत थेंब थेंब आम्ल सोडत मोजायचं. रंग लवकर गेला तर समजायचं की सोडा आधीच बराच खर्ची पडलाय, म्हणजे मातीनं खूप श्वास सोडलाय. मागवलेल्या बरण्या वेळेत आल्या नाहीत म्हणून आम्ही लोणच्याच्या बरण्या आणल्या होत्या. कितीही घासल्या तरी प्रयोगशाळेत हिंगाचा वास यायचा, आणि दुपारी वीज गेली, पंखा थांबला, की त्या वासानं भूक लागायची.

दुसरी रीत कापडाची. मांजरपाटाच्या वीतभर पट्ट्या कापायच्या, शेतात उभ्या पुरायच्या आणि महिन्यानं काढायच्या. कापूस म्हणजे त्या जीवांचं अन्नच. जिवंत मातीत पट्टी कुजते, हलक्या ताणानं तुटते. मेलेल्या मातीत तशीच राहते. कापसाच्या जिल्ह्यात मी पिशवी भरून कापूस पुरायला नेत होते. हे सांगितलं तेव्हा जमनाबाई पोट धरून हसली. 'वेचू वेचू आमचे हात फाटले, आन तू कापूस मातीत घालून राह्यली? काहून वो?' मग माझ्या हातातली खुरपी काढून घेतली, कारण मला खड्डा धड खणता येत नव्हता.

पट्ट्या पुरल्या त्या दिवशीच तिनं तिची अडचण सांगितली. पोळा नुकताच झालेला, बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ओला वाटत होता. तिच्या नवऱ्याची आणि मोठ्या दिराची, तिच्या भाषेत जेठाची, वाटणी व्हायची होती. तांड्याची रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. मला ही रीत फार आवडली होती. कोणता वाटा आपल्याकडे राहणार ते थोरल्यालाच ठाऊक नसतं, मग तो लबाडी कशी करणार? दिरानं दोन तुकडे पाडले होते. एक बरडावरचा, उथळ, मुरमाड, आठ दिवस पाऊस हटला की माना टाकणारा, पण निरोगी. दुसरा नाल्याकडचा, दीडपट मोठा, काळाभोर, खोल, विहिरीला लागून, आणि चार वर्षं तेजाबाचं पाणी प्यायलेला. त्या उन्हाळ्यात कारखाना बंद पडला होता आणि पुन्हा सुरू होणार नाही असं सगळे म्हणत होते. दिवाळीच्या पाडव्याला वाटा उचलायचा होता. जमनाबाईचा नवरा बैलांशी जितकं बोलायचा तितकं माणसांशी बोलत नसे, तेव्हा ठरवायचं तिलाच होतं.

'मले एकच सांग, बाई,' ती म्हणाली. 'ते वावर जितं हाये का मेलं? जितं असन तं दोन साल कसेबी काढू, पन तेच घेऊ. मेलं असन तं बरड बरं. एकदा उचललं का जल्माचं झालं.'

'महिनाभर थांबा. मोजून सांगते,' मी म्हणाले.

केवढ्या सहज म्हणाले! आजही ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येतं आणि लाज वाटते. मोजून सांगते. आधीच्या माणसांनी मोजलं आणि नुसते निघून गेले, मी मात्र सांगायला परत येणार होते, याचा मला अभिमानही वाटला होता.

महिना भरायच्या सुमाराला मला ताप आला. हिवताप असावा, पाच दिवस अंगातली हाडं वेगवेगळी मोजता आली असती. पट्ट्या काढायचा दिवस टळला. आठव्या दिवशी मी कशीबशी तांड्यावर पोचले तर जमनाबाई दारातच उभी, चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू. पट्ट्या तिनं ठरल्या दिवशी स्वतःच काढल्या होत्या. इतकंच नाही, नदीवर नेऊन, साबण लावून, दगडावर आपटून धुतल्या होत्या. वाळवून, हातानं घड्या घालून, दोन गाठोडी बांधून ठेवली होती. परक्याचं कापड मळकं परत करणं त्यांच्यात फार वाईट समजतात.

'हे नाल्याकडचं,' ती म्हणाली. 'पाह्य, जसंच्या तसं. नवं दिसून राह्यलं. आन हे बरडावरचं. हे तं धुता धुता हातातच इरलं वो, अर्धं पान्यात गेलं.'

मी ओट्यावर बसून घेतलं. डोक्यात एकच गोष्ट होती, पट्टी हलक्या हातानं झटकायची असते. नोंदवहीत तसं लिहिलेलं होतं. 'जमनाबाई, धुवायच्या नव्हत्या हो!' मी जवळजवळ रडकुंडीला आले. 'आता या काही कामाच्या नाहीत.'

तिचं हसू उतरलं. 'वाया गेलं?'

'गेलं.'

'मंग याईचं काय करू?'

'ठेवा तुम्हाला. पुसायला-बिसायला होतील.'

नाल्याकडचं गाठोडं तिनं पुन्हा एकदा पुढं केलं होतं, हे मला नीट आठवतं. एक पट्टी काढून दोन्ही हातांनी ताणून दाखवली होती. ती फाटत नव्हती. मी बघत होते आणि मला दिसत नव्हतं. ताप होता हे खरं, पण सगळं तापावर ढकलता येत नाही. तिनं धुतल्यामुळे ते माझ्या लेखी मोजमाप राहिलं नव्हतं, नुसतं कापड झालं होतं. मी दोन पिशव्यांत दोन्ही शेतांची माती भरली आणि बरण्यांचा भरवसा धरून परतले.

प्रयोगशाळेत आमच्या प्रकल्पप्रमुखांचा, सरांचा, एक नियम होता. आमच्याकडच्या काळ्या मातीत चुनखडे असतात, हरभऱ्याएवढे, बोराएवढे पांढरे खडे. ते हातानं वेचून काढायचे आणि मगच माती चाळायची. दोन पिशव्या मातीतले खडे वेचायचे म्हणजे तीन दिवस मान खाली. मी तापातून उठलेली, दिवसातून दोनदा वीज जायची, घाम डोळ्यांत जायचा. मी ढेकळं लाकडी मोगरीनं कुटली आणि खड्यांसकट चाळून टाकली. दुसरा नियम मेलेल्या मातीचा. तीच माती वाफेवर शिजवून, तिच्यातले सगळे जीव मारून, तिचीही एक बरणी लावायची, म्हणजे तुलना होते. वाफेचं यंत्र बंद पडलं होतं, दुरुस्तीचा माणूस नागपूरहून यायचा होता. तीही बरणी मी लावली नाही. नंतर लावू, म्हटलं.

आठवड्यानं कुप्या काढल्या. खिडकीशी, उजेडात, स्टुलावर बसून मोजायला घेतलं. बरडाच्या मातीचं ठीक होतं, जेवढं असतं तेवढं. नाल्याकडची कुपी घेतली आणि गुलाबी रंग बघता बघता गेला. मला वाटलं, थेंब मोजायला चुकले. दुसरी कुपी घेतली, तिसरी घेतली. तिन्हींत तेच. नाल्याकडची माती बरडाच्या दुपटीहून जास्त श्वास सोडत होती.

मला किती आनंद झाला होता! तो खोटा नव्हता. त्या वर्षांत जिल्ह्यातून एकही बरी बातमी निघत नव्हती आणि मला एक सापडली होती. तेजाब पिऊनही माती मेली नाही, उलट जोरात जगतेय, असं वाक्यही मी मनात तयार केलं. आता मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायन शिकवते. पोरींचा पहिला गुलाबी रंग जातो तेव्हा त्या टाळ्या वाजवतात. मी त्यांना टाळ्या वाजवू देते आणि मग पुन्हा पहिल्यापासून करायला लावते. त्या मला खडूस म्हणतात, पाठीमागे आणि कधीकधी पुढ्यातही.

दसऱ्यानंतर चारपाच दिवसांनी मी सांगायला गेले. बरडावर पहिली वेचणी होती. पहिल्या वेचणीला आमच्याकडे शेतात दहीभात शिंपडतात, सीतादही म्हणतात त्याला. ओंजळभर कापूस, दिवा, पळसाच्या पानावर दहीभात. कपाशीच्या सुकल्या पानांचा कडवट वास, वर आंबट दह्याचा वास, आणि दूरवर कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बाजारभाव. बरडावर शिंपून झाल्यावर जमनाबाई तीच वाटी घेऊन उतारावरून नाल्याकडच्या शेतात गेली. तिथं वेचायला बोंड नव्हतं. तरी तिनं चारी कोपऱ्यांना दहीभात टाकला. मी मागोमाग गेले.

'जमनाबाई, जितं आहे,' मी म्हणाले. 'बरडापेक्षाही जास्त.'

ती थांबली. वाटी कमरेशी धरून तिनं त्या पांढुरक्या जमिनीकडे पाहिलं. 'पन कापड तं...' ती म्हणाली.

'कापडाचं सोडा. ते धुतलं गेलं. बरणीत बरोबर कळतं.'

'बरोबर?'

'अगदी.'

पाडव्याला नाईकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, तिच्या नवऱ्यानं नाल्याकडचा वाटा उचलला. कागद झाला, अंगठे झाले. दीर आधी हसला म्हणे, मग जमनाबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं की यवतमाळच्या मॅडमनं मोजून सांगितलंय. तेव्हा तो हसायचा थांबला. हे तिनंच मला कौतुकानं सांगितलं, आणि मीही कौतुकानं ऐकलं.

पौषात सरांनी तक्ता मागितला. 'मेलेल्या मातीचा आकडा कुठे आहे?' त्यांनी विचारलं. यंत्र अजून बंदच होतं. मी नाल्याकडची उरलेली माती घरी आणली आणि डब्यात घालून कुकरमध्ये शिजवली. एकदा नाही, तीन दिवस रोज, काही जिवंत राहू नये म्हणून. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, 'अगं, यात उद्या मला वरण लावायचं आहे न!' मी म्हटलं, नवा कुकर आणते. 'नवा आणच,' ती म्हणाली, 'पण शिट्ट्या किती करायच्या ते तरी सांग, मी बघते, तू बस जरा.' मेलेल्या मातीला आईनं शिट्ट्या मोजून दिल्या.

ती माती मी बरणीत घातली. तिनं काही सोडायला नको होतं. आठवड्यानं कुपी काढली, गुलाबी रंगाचे थेंब टाकले, आणि रंग पुन्हा तसाच झरझर गेला.

मेलेली माती श्वास सोडत होती. म्हणजे तो श्वास नव्हता. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर फसफसतं, तसं ते होतं. मातीत तेजाब मुरलेलं होतं आणि मी चुनखडे न वेचता कुटून त्याच्या हवाली केले होते. चुनखडीला आम्ल लागलं की तोच वायू निघतो, जो जीव श्वासातून सोडतात. सोड्याला दोन्हींतला फरक कळत नाही. मला कळायला हवा होता. त्याच आठवड्यात एका जुन्या पुस्तिकेत वाचलं की पुरलेल्या पट्ट्या पाण्यानं धुऊन काढल्या तरी चालतं. साबणाचं आणि दगडाचं काही लिहिलं नव्हतं. पण दगडावर आपटूनही जी पट्टी टिकली, तिला कुठल्या जीवानं तोंड लावलं असेल? बघता येणाऱ्या माणसाला तेवढं पुरलं असतं.

सर रागावले नाहीत. ते स्वतःच इतके दमलेले असत की रागवायला त्यांना दुसरा दिवस काढावा लागला असता. 'ती ओळ काढून टाक,' ते म्हणाले. 'नमुना सदोष, असं लिही.' मी लिहिलं. तक्ता दुरुस्त व्हायला एक मिनिट लागलं.

संक्रांतीनंतर मी तिळाच्या वड्या घेऊन तांड्यावर गेले. वड्या कशाला नेल्या कोण जाणे, रिकाम्या हातानं जाववेना. जमनाबाई नाल्याकडच्या शेतातच सापडली. डोक्यावरून शेणखताची टोपली उतरवत होती. वरच्या बाजूला नवराबायकोनं मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातला होता, खड्ड्याचं पाणी पुन्हा उतरू नये म्हणून. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बरणी, चुनखडे, तेजाब, कुकर, सगळं. ती ऐकत होती. मधे एकदा तिनं टोपली उगाच झटकली.

'म्हंजे मेलं हाये,' ती म्हणाली.

'हो.'

'म्या तुले दाखोलं होतं, बाई. तुह्या हातात देल्लं होतं.' आवाज चढला नव्हता. 'मले समजलं होतं तवाच. धुतानीच समजलं. मंग तू म्हने बरोबर. म्या म्हनलं, मी काय अडानी, हे शिकलेली हाये, हिचंच खरं असन.'

ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला राग माझ्यापेक्षा स्वतःचा आला होता, स्वतःच्या हातांना जे कळलं ते तिनं माझ्या शब्दावर सोडून दिलं होतं याचा. मग मात्र तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, 'चाल. नायकापुढं सांग.'

नाईक कडुनिंबाखाली बाजेवर बसला होता. सत्तरीचा, बोटांत विडी, पण पेटवलेली नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. 'तोंडी नाई चालत,' तो म्हणाला. 'उचलताना कागद झाला, मोडाचा असन तं कागदच पायजे. लिहून आन का माहं मोजमाप चुकलं, आन खाली सही कर. होळीच्या दिशी सारा तांडा असते, भाऊबंद असते. तवाच मोडता येते. होळी गेली का मंग मी बी नाई मोडू शकत.'

'एवढंच?' मी विचारलं.

'एवढंच.'

'होळीला कागद घेऊन येते,' निघताना मी जमनाबाईला सांगितलं. बसमध्ये मला हलकं वाटत होतं. चूक झाली होती, पण एका कागदानं निस्तरणार होती, आणि होळीला दीडदोन महिने होते. त्याच रात्री लिहायला बसले नाही, दमले होते. दुसऱ्या दिवशी सरांच्या कानावर घातलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. 'लेखी काही देऊ नकोस,' ते म्हणाले. 'वाटणीचं प्रकरण, उद्या कुणी कोर्टात गेलं तर कागद पुढे येईल. अहवाल जायचाय. आणि तुझा करार मार्चमध्ये आहे.' धमकी नव्हती ती. ते खरंच माझी काळजी करत होते. ते म्हणाले त्यातलं एकही वाक्य चूक नव्हतं, म्हणून ते मोडायला मला काही सापडेना.

मी पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं. पहिलं फार लांब झालं. दुसऱ्यात 'चूक' हा शब्द आला नाही, 'त्रुटी' आला. तिसरं बरोबर होतं, चार ओळींचं. सहीची जागा सोडून मी ते फायलीत ठेवलं. फाल्गुन आला, पळस फुलला, एस.टी.च्या खिडकीतून लाल लाल दिसायला लागला, पण मी त्या रस्त्याला जायचं टाळत होते. कळंबचं काम आधी काढून घेतलं, मग मुकुटबनचं. होळीच्या दिवशी सुट्टी होती. आईनं पुरण घातलं. मी स्वतःला सांगितलं की सणाच्या दिवशी बसगाड्यांचा काही भरवसा नसतो. सांगितलं की वाटण्या काय एका पत्रानं मोडतात, दीर मोडू देणार नाही, नाईक सहज बोलून गेला असेल, जमनाबाईनं कधीच आशा सोडली असेल. सगळ्यांत जास्त या शेवटच्यावर विसंबले. तिला माझ्याकडून आता अपेक्षाच नसेल. दुपारी जेवून मी झोपले आणि छान झोप लागली, हे मी लपवणार नाही.

करार नवा झाला. आणखी दोन वर्षं मी माती मोजली, मग नोकरी बदलली. चुनखडे वेचण्यात माझ्याइतकी चिकाटी पुढे कुणी दाखवली नाही, असं सर म्हणत.

मारेगावच्या बाजारात जमनाबाई भेटली, त्याला मधे सहा वर्षं गेली होती. मी एका लग्नाला गेले होते, अंगावर जरीची साडी. ती पोत्यावर अंबाडीची भाजी मांडून बसलेली. मी ओळख न दाखवता पुढे जाऊ शकले असते. तिनंच हाक मारली, 'ए बाई! मोठी झाली वो तू!' मी खाली बसले. केस पिकले होते तिचे. नवऱ्याची चौकशी केली, तो बरा होता, बैल गेले होते. पोरीचं लग्न झालं होतं. मग मी विचारलं, 'नाल्याकडचं शेत?'

'हाये,' ती म्हणाली. 'शेन टाकलं, राख टाकली, गाळ टाकला तळ्यातला. औंदा कुठं गवत धरलं त्यानं. बरडावर जेठ दरसाल पीक काढते.' सांगण्यात तक्रार नव्हती. एका गिऱ्हाईकाला तिनं जुडी बांधून दिली, सुटे परत केले.

'जमनाबाई,' मी म्हणाले, 'ते पत्र... तुम्ही तेव्हाच ओळखलं असेल, मी येणार नाही म्हणून.'

तिनं माझ्याकडे पाहिलं. खरोखर नवल वाटलेलं दिसलं तिच्या तोंडावर.

'नाई वो,' ती म्हणाली. 'काहून ओळखीन? तू सांगतलं होतं ना येतो म्हून. सारा तांडा होळीभोवती नाचून राह्यलता, म्या नायकाले रस्त्याच्या कडीले बाज टाकून बसोलं. तो म्हने, मले जाऊ दे, माह्याबिगर होळी पेटत नाई. म्या म्हनलं, थांबा, साडेसहाची गाडी हाये अजून.'